सोनं, बंगार आणि हिराकस

दसऱ्याच्या संध्याकाळी सोलापुरात एकाच गल्लीत तीन भाषांमधून सोनं वाटलं जातं. मराठी घरातून आपट्याचं पान हातावर येतं, ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची कानडी माणसं बन्नी देतात आणि म्हणतात, ‘बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु’, म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत जम्मीचं पान असतं, तेही बंगारमच. बन्नी आणि जम्मी हे एकच झाड, ते म्हणजे शमी. आपल्या खेड्यापाड्यांत तिला सौंदड म्हणतात. आपटा निराळा. आणि गंमत अशी की या दोन्ही झाडांच्या पानांत सोनेरी म्हणावं असं काही नाही. पानं हिरवीच, तीही जरा धुरकट.

झाडांच्या नावातलं सोनं कधी रंगाचं असतं, कधी मोलाचं, कधी निव्वळ कौतुकाचं आणि हल्ली बऱ्याचदा नर्सरीवाल्याच्या पाटीचं. नावाला भुलून रोप आणलं आणि त्याला आपली चुनखडीची जमीन, बोअरचं जड पाणी आणि मे महिन्यातलं बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन दिलं, की त्या सोन्याचं काय होतं ते दुसऱ्या उन्हाळ्यात कळतं. माझं मत सरळ आहे: सोलापुरात खरी सोनेरी झाडं ती, ज्यांच्या मराठी नावात सोनं नाही. पण आधी दसऱ्याची पानं.

आपटा ओळखायचा तर पान मोजावं. आपट्याचं पान लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. लांबी दोन ते पाच सेंटिमीटर, रुंदी त्याहून थोडी अधिक. हाताला जाड आणि ताठ लागतं, मागची बाजू राखाडी आणि बारीक लवेची. मधे दुमडलं तर कडक पुठ्ठ्यागत मोडू पाहतं. मधल्या मारुतीच्या आसपास दसऱ्याच्या आदल्या दिवशी ढिगाने विकली जाणारी तळहाताएवढी, मऊ, गुळगुळीत पानं मात्र बहुतेक वेळा कांचनाची असतात. कांचनाचं पान दहा-पंधरा सेंटिमीटर सहज भरतं. झाड भराभर वाढतं, बागांतून आणि रस्त्याकडेला मुबलक आहे, टोपली लवकर भरते. विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या झाडाच्या नावातच सोनं आहे त्याचं पान नकली सोनं ठरावं आणि ज्याच्या नावात नाही ते अस्सल, हा योग मात्र मजेदार आहे. त्यातही कांचनाची फुलं जांभळी, गुलाबी किंवा पांढरी.

रोप घेताना आणखी एक फसगत होते. कांचनाच्या कोवळ्या रोपाचं पानही लहानच असतं, त्यामुळे आकारमानावर जाऊ नये. रुंदी लांबीपेक्षा जास्त आहे का आणि पान ताठ आहे का, एवढं पाहावं. मोठं झाड असेल तर शेंग बघावी. आपट्याची शेंग काळपट, वाकडी, महिनोन्‌महिने झाडावर लटकून राहते आणि उकलत नाही. कांचनाची वाळली की तडकून पिळा पडतो.

आपट्याचं बी लावायचं असेल तर शेंगा फोडून बी काढावं लागतं. पाणी उकळून आचेवरून उतरवायचं, मिनिटभर थांबायचं, त्यात बी टाकून तसंच चोवीस तास ठेवायचं. जे फुगलं ते पिशवीत दीड सेंटिमीटर खोल लावावं, जे फुगलं नाही त्याला पुन्हा हाच उपचार. वाढ सावकाश होते आणि खोड वाकडंतिकडं जातं, म्हणून लोक कंटाळतात. पण पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक आळंभर पाणी दिलं, की नंतर हे झाड मुरमाडावरही उभं राहतं.

आपट्याचं नुकसान करणारी खरी गोष्ट दसऱ्याच्या सकाळी घडते. त्याच्या सालीला चिवट वाख असतो, पूर्वी त्याचे दोर वळत. त्यामुळे फांदी हाताने ओरबाडली की ती नुसती तुटत नाही, साल सोलत खाली खोडापर्यंत येते. त्या उघड्या पट्ट्यातून बुरशी शिरते, खोडकिडा शिरतो, आणि दोन-तीन वर्षांत ती बाजू वाळते. ज्यांना पानं हवीतच त्यांनी कात्रीने बोटाएवढ्या डहाळ्या कापाव्यात, पेऱ्याच्या किंचित वर. एका घराला मूठभर पानं पुरतात. विडी वळणाऱ्यांच्या या शहराला आपट्याचं पान तसं परकं नाही. तेंदूच्या पानाचा मान त्याला नाही, तरी विडीच्या कामाला तेही येतं. कौत्साने गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्याची आणि कुबेराने त्यांचा पाऊस पाडल्याची कथा सर्वांना पाठ आहे. कुठे तो पाऊस आपट्यावर पडतो, कुठे शमीवर. एका गल्लीत दोन झाडं का, याचं उत्तर इथे मिळतं.

शमीचा घोळ आपट्यापेक्षा मोठा आहे. खरी शमी म्हणजे राजस्थानची खेजडी आणि तेलंगणाचा राज्यवृक्ष जम्मी. तिचे काटे लहान, शंकूसारखे, आणि फांदीवर दोन पेऱ्यांच्या मधे विखुरलेले असतात. वेडी बाभूळ तिचीच चुलत बहीण, पण तिचे काटे पेऱ्यापाशी जोडीने येतात आणि लांब असतात. नर्सरीत ‘शमी’ म्हणून पुष्कळदा तिसरंच झुडूप मिळतं. त्याच्या फांद्यांचं टोकच काटा होतं आणि तुऱ्याचा अर्धा भाग गुलाबी, अर्धा पिवळा असतो. खऱ्या शमीचा तुरा आख्खा पिवळसर, गुलाबी अजिबात नाही. फुलं नसतील तर काट्यांची जागा बघणं हाच उपाय. शमीचं सोटमूळ फार लवकर खोल जातं, म्हणून सहा इंची पिशवीत वर्षभर अडकलेलं, तळाशी मूळ गोल गुंडाळलेलं रोप घेऊ नये. ते जगलं तरी वाऱ्यात हलत राहतं. फूटभर उंचीच्या पिशवीतलं तीन-चार महिन्यांचं रोप बरं.

आता सोनचाफा. सोलापुरात सगळ्यात जास्त पैसे ज्या ‘सोन्या’वर वाया जातात ते हे. फुलाचा रंग सोनेरी आणि वासाला तोड नाही, हे कबूल. पण झाड आहे ओलसर हवेचं आणि किंचित आम्लधर्मी, पाणी न साठणाऱ्या, पालापाचोळ्याच्या जमिनीचं. आपल्याकडची काळी जमीन अल्कधर्मी. खाली चुनखडीचे खडे आणि वरून बोअरचं क्षारांचं पाणी. झाड मरत नाही, झुरतं. पहिल्या पावसाळ्यात झक्कास वाढतं, मग जानेवारीपासून नवी पानं पिवळी यायला लागतात.

हे पिवळेपण नीट बघावं. पान पिवळं पण शिरा हिरव्या, आणि तेही शेंड्याच्या नव्या पानांवर, तर ती लोहाची कमतरता. जुनी, खालची पानं सरसकट फिकट पडत असतील तर नत्र कमी पडतंय. कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या असतील तर क्षार आणि उष्ण वारा. या तीन दुखण्यांना तीन औषधं आहेत. सगळ्यांवर युरिया टाकणारा माणूस झाड घालवतो.

लोहाची कमतरता म्हणजे जमिनीत लोह नाही असं नव्हे. आपल्या मातीत लोह भरपूर आहे, पण चुन्यामुळे ते अशा रूपात अडकतं की मुळांना उचलता येत नाही. त्यात आळ्यात पाणी तुंबून राहिलं की बायकार्बोनेट वाढतं आणि अडचण आणखी वाढते. म्हणून पान पिवळं दिसलं की लोक जे पहिलं करतात, म्हणजे अजून पाणी घालतात, त्याने रोग बळावतो.

तातडीचा उपाय म्हणजे हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची, फवारणी. एक लिटर पाण्यात आधी एक ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, विरघळवायचं आणि मग पाच ग्रॅम हिराकस. क्रम उलटा केला तर जड पाण्यात लोह लगेच गंजतं, द्रावण चहासारखं तपकिरी होतं आणि त्याचा उपयोग निम्म्याहून कमी होतो. हिराकस घेतानाच रंग बघावा. खडे फिकट हिरवे हवेत. पिवळसर तपकिरी भुकटी झालेली असेल तर ती दुकानातच मेलेली आहे. फवारणी उन्हं कलल्यावर, पानाच्या खालच्या बाजूनेही, दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीनदा. फरशीवर, भिंतीवर आणि कपड्यांवर गंजाचे डाग पडतात, ते जात नाहीत. हे आधी सांगितलेलं बरं.

फवारणीने आहेत ती पानं हिरवी होतात, पुढची पुन्हा पिवळी येतात. कायमचं काही हवं असेल तर मुळांना चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यात अडकू नये असं बांधलेलं लोह, द्यावं लागतं, आणि इथे पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची. ईडीटीए प्रकारचं लोह आपल्या अल्कधर्मी मातीत टिकत नाही, ते फवारणीपुरतं ठीक. मातीत द्यायला ईडीडीएचए प्रकारचं हवं. महाग असतं, पाण्यात टाकलं की विटकरी लाल रंग येतो. कमरेएवढ्या झाडाला दहा ते पंधरा ग्रॅम पाण्यात कालवून पांढऱ्या मुळांच्या घेरात, म्हणजे खोडापाशी नव्हे, फांद्यांच्या टोकाखाली, द्यावं. गंधक टाकून जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, उतरवण्याचा सल्ला सगळे देतात. कुंडीत तो चालतो. चुनखडीच्या जमिनीत मात्र गंधकातून तयार झालेलं आम्ल चुनाच खाऊन टाकतो, आणि चुना संपत नाही.

म्हणून मी म्हणेन, सोनचाफा लावायचाच तर सुरुवातीलाच मातीची सोय करावी. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा. खणलेली काळी माती परत भरायची नाही. तांबडी माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, भरड वाळू एक भाग, वर अर्धा किलो निंबोळी पेंड. भरणी जमिनीपेक्षा फूटभर उंच ठेवावी, म्हणजे पावसाळ्यात खड्ड्याची विहीर होत नाही. झाड पूर्वेकडे, भिंतीच्या अशा बाजूला की दुपारी दोननंतर सावली मिळेल. पहिले दोन उन्हाळे मार्च ते जून पन्नास टक्क्यांची शेडनेट आणि बुडाला तीन इंच उसाचं पाचट. पाचट खोडाला टेकवू नये, वाळवी लागते.

पाणी कुठलं? पावसाचं साठवलेलं मिळालं तर उत्तम. एसीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते जरूर वापरावं. आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी मात्र अजिबात नाही. त्यात बोअरचेच क्षार आणखी घट्ट होऊन आलेले असतात. पाणी वाचवल्याच्या समाधानात कित्येक चाफे असे गेले आहेत.

कलम घ्यावं, बियांचं रोप नव्हे. कलमाला दुसऱ्या वर्षी फूल दिसतं, बियांच्या झाडाला सात-आठ वर्षं वाट पाहावी लागते. पण कलमाच्या सांध्याखालून येणारे फुटवे दर महिन्याला नखाने खुडावे लागतात. ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या झाडाचे, असतात आणि जोमदार असतात. दोन पावसाळे दुर्लक्ष झालं की वरचं कलम दबतं, आणि ‘आमचा चाफा फुलायचा बंद झाला’ अशी तक्रार येते. तो चाफा फुलायचा बंद झालेला नसतो, तो राहिलेलाच नसतो.

सोनटक्क्याची कथा थोडक्यात. नाव सोन्याचं, फूल पांढरंशुभ्र, कधी मधल्या पाकळीवर फिकट पिवळी झाक. क्यूबाचं हे राष्ट्रीय फूल. आल्याच्या कुळातलं कंदाचं झाड, दमट सावली आणि सतत ओल मागणारं. मेच्या शेवटी एक-दोन डोळे असलेला बोटभर कंद पाच सेंटिमीटर खोल, आडवा लावला तर ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतो. सोलापुरात पाठीमागच्या मोरीजवळ तो छान येतो असा समज आहे. येतोही, पण कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी त्याच पाटातून जात असेल तर सोडियमने माती घट्ट होते आणि कंद सडतो. नुसतं भांडी विसळलेलं पाणी चालतं. उन्हाळ्यात पानं जळाली तर घाबरू नये, दांडे बुडाशी कापून कंद सावलीत ओला ठेवावा.

सोनमोहोर रस्त्यांवर भरपूर आहे. आग्नेय आशियातून आलेलं झाड. पिवळी फुलं वर तोंड करून, मागून तांबूस लवदार कळ्या, आणि नंतर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या तांब्याच्या रंगाच्या चपट्या शेंगा. सोनं आणि तांबं दोन्ही एकाच झाडावर म्हणा. वाढ झपाट्याची, म्हणून लाकूड ठिसूळ. मे महिन्यातला वळीव आला की पहिली याचीच फांदी रिक्षावर पडते. घरापासून पंचवीस फुटांच्या आत लावू नये, आणि फांद्या विरळ करायच्या तर फुलोरा संपल्यावर. सोनकी सह्याद्रीच्या पठारांची, कासला सप्टेंबरात जाऊन बघावी, तिचं बी आणून इथे पेरण्याचा खटाटोप करू नये.

सोनसावर मात्र आपल्या मुरमाडासाठीच केलेली. गणेरही म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक पान नसताना तळहाताएवढी पिवळीधमक फुलं येतात. सावरीसारखा बोंडात कापूस निघतो म्हणून नाव सावर, जवळचं नातं काही नाही. हिचा डिंक ‘कतिरा’ म्हणून विकला जातो. ही मरते ती फक्त लाडाने. हिवाळ्यात पानं गळाली की झाड वाळलं समजून लोक पाणी घालत राहतात आणि मुसळासारखं मूळ सडतं. पानगळ झाली की पाणी बंद, हा एकच नियम.

आणि ज्यांच्या मराठी नावात सोनं नाही ती दोन झाडं: बहावा आणि तरवड.

बहाव्याला संस्कृतात सुवर्णक, स्वर्णभूषण म्हटलंय. पानं गळून एप्रिल-मेमध्ये फूटभर लांबीची पिवळी झुंबरं लोंबतात. केरळात विषूला, म्हणजे नववर्षाच्या सणाला, हीच फुलं देवापुढे हवीत. बी टणक. वाळूकागदावर एका बाजूने घासून आतला फिका भाग दिसू द्यावा आणि चोवीस तास भिजवावं, नाहीतर ते मातीत वर्षभर तसंच पडून राहतं. सोसायटीच्या हिरवळीत रोज पाणी मिळणाऱ्या बहाव्यावर पानं दाट आणि झुंबरं विरळ दिसतात. त्याला कोरडा हिवाळा हवा. जून-जुलैत पानं चाळणी झाली आणि हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारू नका. त्या फिकट पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या आहेत आणि झाड महिन्याभरात पुन्हा पालवतं. बहावा फुलल्यावर पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो असं ठासून सांगणारे दरवर्षी भेटतात. एकाच रस्त्यावरची दोन झाडं महिन्याच्या अंतराने फुलतात. मग पंचेचाळीस दिवस कुठल्या झाडापासून मोजायचे? एप्रिलअखेरपासून कधीही मोजा, मान्सून आसपास सापडेलच.

तरवडाकडे मात्र आपण सोलापूरकर बघतच नाही, कारण तो नान्नजच्या माळापासून विजापूर रस्त्याच्या कडेपर्यंत सगळीकडे आहे. पुरुषभर उंचीचं झुडूप, चार-पाच सेंटिमीटरची झळझळीत पिवळी फुलं, शेळ्यासुद्धा सहसा तोंड लावत नाहीत. सालीत टॅनिन भरपूर, त्यामुळे दख्खनेत चामडं कमावायला तिचाच वापर होई. तेलुगूत हे तंगेडु, तेलंगणाचं राज्यफूल. भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत पूर्व भागात बतुकम्मा, म्हणजे फुलं रचून केलेली देवी, मांडली जाते, तेव्हा हे माळावरचं झुडूप एकदम मानाला चढतं. ताटात आधी पानांचा थर, मग फुलांची वर्तुळं एकावर एक, देठ आत आणि तोंड बाहेर, वर निमुळतं होत जाणारं, मधली पोकळी पाल्याने ठासून भरलेली. मध्यावर पाला कमी पडला तर शेवटच्या थरांना बतुकम्मा एका बाजूला कलते. तंगेडुबरोबर गुनुगु, म्हणजे आपलं कुर्डू, आणि झेंडू. शिखरावर हळदीची गौरम्मा. तंगेडुची फुलं सकाळी, घोसासह दोन-तीन इंच देठ ठेवून तोडावीत आणि ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावीत. दुपारी तोडलेली संध्याकाळपर्यंत मान टाकतात. हल्ली तंगेडुच्या जागी झेंडूच जास्त दिसतो, कारण तो बाजारात मिळतो आणि तंगेडुसाठी माळावर जावं लागतं.

म्हणून कुंपणाला गोल्डन ड्युरांटा लावण्याऐवजी तरवड लावा, असं मी कुणालाही सांगेन. हिवाळ्यात वाळलेल्या शेंगा गोळा कराव्यात. बियांना आपट्यासारखाच गरम पाण्याचा उपचार. पहिला चांगला पाऊस झाला की जागेवरच, एका ठिकाणी तीन बिया, बोटाच्या पेरापेक्षा कमी खोल. दोन फुटांचं अंतर. मोठं झालेलं झुडूप माळावरून उपटून आणून लावू नये. सोटमूळ तुटतं आणि दहातलं एखादंच जगतं. पहिल्या वर्षी आठवड्याला एकदा पाणी, नंतर नाही. छाटणी फेब्रुवारीत गुडघ्याएवढी, म्हणजे पावसाळ्यात नवे फुटवे आणि नवरात्रात फुलं.

औषधाच्या दुकानातली सोनामुखी तरवडाच्याच कुळातली. पोट साफ करणारी. तिच्या पानांत तरवडाची पानं मिसळण्याची चाल जुनी आहे, आणि तरवडाच्या पानाला तो गुण नाही. सोनामुखीचं पान बुडाशी तिरकं, एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली, टोक अणकुचीदार. तरवडाचं बुडाशी जवळजवळ सारखं, टोक बोथट. अस्सल असली तरी गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती वैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये, आणि रोजची सवय कुणीच लावून घेऊ नये. आतडं आळशी होतं.

पिवळ्या धोतऱ्याला वैद्यकात स्वर्णक्षीरी म्हणतात, कारण देठ मोडला की पिवळा चीक येतो. झाड मुळात मेक्सिकोकडचं, युरोपियनांच्या मागोमाग इकडे आलेलं, तेव्हा प्राचीन ग्रंथांतली स्वर्णक्षीरी ही नव्हे हे उघड आहे. रब्बीच्या ज्वारीत, करडईत बांधाकडेला वाढतो. बी काळं, मोहरीसारखं, आणि विषारी. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात याच्या तेलाची भेसळ झाली, अंगावर सूज येऊन कित्येक माणसं दगावली. आपलं घर शेंगदाणा-करडईच्या तेलावर चालतं म्हणून निर्धास्त राहू नये. लोणच्यापुरतं मोहरीचं तेल सुटं घेऊ नये. शेतातला धोतरा बोंडं तडकण्याआधी उपटावा, हातमोजे घालून.

नर्सरीतला ‘गोल्डन’ हा शब्द पानापुरता असतो. ड्युरांटा, मनीप्लांट, बॉटलब्रश, जे काही. पानात हरितद्रव्य कमी म्हणून रंग पिवळा, आणि त्यामुळेच वाढ थोडी कमी. सावलीत ठेवलं की झाड हरितद्रव्य वाढवतं आणि रंग जातो. तीच गत मनीप्लांटची अंधाऱ्या जिन्यात होते. एखादी फांदी पूर्ण हिरवी फुटली तर ती बुडापासून कापावी. ती जोमाने वाढते आणि पिवळ्या फांद्यांना झाकून टाकते. ड्युरांटाची पिवळी फळं पोटात जाऊ देऊ नयेत, घरात लहान मूल असेल तर फळ धरण्याआधीच कात्री लावावी.

राहता राहिलं आपल्याच जिल्ह्यातलं गोल्डन. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या शेतात निवडीतून तयार झालेलं एनएमके-1 सीताफळ ‘गोल्डन’ याच नावाने विकलं जातं. फळ मोठं, पिकताना पिवळसर, बिया कमी, आणि गावठी सीताफळासारखं झाडावरच पटकन उकलत नाही. इथे नावात रंग आहे आणि दामही आहे. अडचण फळधारणेची. सीताफळाचं एकच फूल आधी मादी असतं, दुसऱ्या दिवशी नर. म्हणजे परागकण तयार होईपर्यंत त्याचाच स्त्रीकेसर सुकलेला. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो आणखी लवकर सुकतो, म्हणून त्या वेळची फुलं बहुतेक गळतात आणि जून-जुलैच्या दमट हवेतली धरतात. परसातल्या दोन-चार झाडांवर हाताने परागीकरण करता येतं. दुपारनंतर पाकळ्या पूर्ण उघडायच्या बेतात असलेली फुलं तोडून कागदाच्या डबीत ठेवावीत. सकाळपर्यंत पराग सुटतो. सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान, पाकळ्या नुकत्याच विलग होऊ लागलेल्या आणि आत चिकट चमक असलेल्या फुलांत तो मऊ कुंचल्याने फिरवावा. प्लॅस्टिकच्या डबीत घाम धरतो आणि पराग गोळा होतो, तेव्हा डबी कागदाचीच हवी.

पिठ्या ढेकूण हा त्याचा मोठा शत्रू, आणि त्याला झाडावर नेणाऱ्या मुंग्या. खोडाला प्लॅस्टिकची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावलं तर निम्मं काम होतं. सालीवर थेट ग्रीस फासू नये. बी लावून केलेलं रोप कुणी ‘गोल्डन’ म्हणून देत असेल तर घेऊ नका, बियांतून गुण तसेच उतरतील याचा भरवसा नसतो. कलमच घ्यावं. सांधा जमिनीपासून वीतभर वर स्पष्ट दिसला पाहिजे, त्यावरची प्लॅस्टिकची पट्टी लावण्याआधी पात्याने सोडवली पाहिजे. ती तशीच राहिली तर वर्षभरात खोडाला करकोचा पडतो आणि पहिल्या फळांच्या ओझ्याने झाड नेमकं तिथेच मोडतं.